पलीकडचा उतार कुठे गेला?

मुंबईहून पुण्याला आगगाडीने जाताना एक सोपे काम करून पाहावे. प्रत्येक स्थानकाच्या टोकाला गावाचे नाव लिहिलेला पिवळा फलक असतो. नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची दिलेली असते. गाडी थांबेल तिथे हा आकडा वहीत उतरवून घ्यायचा, एवढेच काम.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही हा प्रवास केला. कर्जतच्या आसपास जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटर उंच आहे. तिथून गाडीला मागे जादा इंजिन लागते, बोगदे सुरू होतात, आणि लोणावळ्याला पोहोचेपर्यंत आपण सुमारे ६२० मीटर उंचीवर आलेलो असतो. 'डोंगर चढलो!' म्हणून मुलांनी टाळ्या वाजवल्या. आता उतार लागेल म्हणून सगळे खिडक्यांना चिकटून बसले. मळवली गेले, तळेगाव गेले, पुणे आले. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर. म्हणजे कर्जतहून सुमारे २८ किलोमीटरांत साडेपाचशे मीटर चढलेली गाडी पुढच्या ६४ किलोमीटरांत जेमतेम साठ मीटर उतरली होती.

एका मुलीने वहीतले आकडे दाखवून विचारले, "डोंगर चढलो तर मग उतरलो कधी? पलीकडचा उतार कुठे गेला?"

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. 'महाराष्ट्राच्या पश्चिमेस उत्तर-दक्षिण पसरलेली सह्याद्रीची पर्वतरांग' हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. नकाशातही ती रांग केसाळ सुरवंटासारखी काढलेली असते, दोन्ही बाजूंना सारखे केस. त्या मुलीच्या वहीतले आकडे मात्र सुरवंटाशी जुळत नव्हते. उत्तर शोधता शोधता आम्हाला असे आढळले की, हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत दोन हजार वर्षे लोकांपुढे उभा राहिलेला आहे आणि त्याचे अर्धे उत्तर आपल्या बोलीतच दडलेले आहे.

बोलीला माहीत असलेला भूगोल

कोकणातला माणूस 'घाटावर जातो'. देशावरचा माणूस 'खाली कोकणात उतरतो'. देशावरून कोकणात जाताना 'सह्याद्री चढून पलीकडे गेलो' असे सहसा कोणी म्हणत नाही. वरच्या माणसाला कोकणी माणूस 'घाटी' म्हणतो. वरच्या काठाला नाव आहे घाटमाथा, खालच्या भूमीला तळकोकण. या शब्दांत वर आणि खाली अशा दोनच पातळ्या आहेत. मध्ये उभा असलेला आणि दोन्हीकडे उतरत जाणारा पर्वत त्यांत नाही.

'घाट' या शब्दाचे तर आणखी गमतीचे. मराठीत घाट म्हणजे वाट: बोरघाट, थळघाट, आंबाघाट, वरंधाघाट. युरोपियनांनी हा शब्द ऐकला आणि वाटेचे नाव सगळ्या डोंगरालाच देऊन टाकले. त्यातून 'वेस्टर्न घाट्स' हे नाव रूढ झाले, आणि पुढे त्याचे भाषांतर करून आपणच 'पश्चिम घाट' म्हणू लागलो. नाव बदलले तसे चित्रही बदलले. खालीवर जाणाऱ्या वाटांऐवजी डोळ्यांपुढे लांबलचक पर्वत आला.

काठावरचे जकातनाके

या वाटांतली एक फार जुनी वाट म्हणजे जुन्नरजवळचा नाणेघाट. जुन्नरकडून नाणेघाटाकडे जाताना पर्वत चढल्यासारखे वाटत नाही. रस्ता पठारावरूनच जातो, आणि अचानक जमीन संपते. पुढे एक अरुंद खिंड आहे, आणि खाली थेट कोकण दिसते.

सातवाहनांच्या काळात सोपारा, कल्याण या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जात असे. खिंडीतच एक लेणे खोदलेले आहे. त्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला प्रसिद्ध लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दानांची त्यात मोजदाद असल्याने आपल्या देशातले फार जुने लिखित अंक इथे वाचायला मिळतात. गणिताच्या शिक्षकांनीही ही सहल काढायला हरकत नाही! लेण्याजवळच एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, अशी परंपरेने चालत आलेली समजूत आहे.

जकात नेमकी इथेच का घ्यावी? पठारावर माणूस कुठूनही जाऊ शकतो, कोकणातही वाटा अनेक. या दोन पातळ्यांना जोडणाऱ्या, लादलेली जनावरे जाऊ शकतील अशा वाटा मात्र मोजक्याच. ज्याच्या हातात खिंड, त्याच्या हातात व्यापार. घाटवाटांच्या आसपास इतके किल्ले का आहेत, याचे एक कारणही हेच.

१६६१ च्या फेब्रुवारीत मोगलांचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन कोकणात उतरायला निघाला. लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याच्या घाटापर्यंत त्याला फारसा अडथळा आला नाही. तिथवर इंद्रायणीचे रुंद, सपाट खोरे आहे. पण काठावरून खाली उतरताच फौज अरुंद, दाट जंगलाच्या उंबरखिंडीत सापडली. शिवाजीमहाराजांच्या सैन्याने पुढची आणि मागची वाट अडवली आणि खानाला शरण येऊन, सामान टाकून सुटका करून घ्यावी लागली. इतिहासाच्या तासाला आपण हा गनिमी काव्याचा विजय म्हणून शिकवतो, ते बरोबरच आहे. भूगोलाच्या तासाला त्यात एक प्रश्न जोडावा: वर इतके रुंद खोरे आणि त्याच्या तोंडाशीच एकदम अशी उभी घळ, असे कसे? या प्रश्नाकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ.

दगडी पायऱ्या

पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारने नव्या मुलखाची पाहणी सुरू केली. हे काम विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्याकडे होते. शेती, लोकसंख्या, पक्षी, हवामान, दगड असे सगळेच तो टिपून ठेवी. १८२८ साली तो नाणेघाटात गेला आणि तिथल्या लेखांकडे त्याने विद्वानांचे लक्ष वेधले. याच सायक्सने १८३३ मध्ये दख्खनच्या खडकांवर एक प्रबंध प्रसिद्ध केला. 'डेक्कन ट्रॅप' हे नाव रूढ करण्याचे श्रेय त्यालाच दिले जाते. 'ट्रॅप' हा मूळचा स्वीडिश शब्द, आणि त्याचा अर्थ जिना किंवा पायरी.

कोणताही सह्यकडा समोरून पाहिला की हे नाव पटते. कठीण काळ्या पाषाणाचा उभा थर, त्याखाली मऊ, सच्छिद्र दगडाचा झाडीने झाकलेला उतार, पुन्हा उभा थर, पुन्हा उतार. हे थर जवळजवळ आडवे आहेत. हिमालयात जशा वळ्या पडलेल्या दिसतात तशा इथे दिसत नाहीत. कारण हे थर दाबाने उचलले जाऊन तयार झालेले नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि पसरत, थिजत गेला. त्यातून पठार तयार झाले. आजही ते सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापते.

आता पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती आले. लोणावळ्याला आपण पर्वताच्या शिखरावर नसतो. आपण पठाराच्या काठावर चढून आलेलो असतो. पलीकडे उतार नाही, कारण पलीकडे पठारच आहे. ते पूर्वेकडे हळूहळू कलत जाते. म्हणूनच त्र्यंबकेश्वरी, समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरांवर उगम पावणारी गोदावरी जवळचा समुद्र सोडून १,४६५ किलोमीटरांचा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळते.

काठाची किंमत

हा काठ किती अवघड आहे हे खऱ्या अर्थाने कळले ते रेल्वे बांधताना. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला होता. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली. पुढे मात्र सह्याद्री आडवा होता. साधा पर्वत असता तर एखाद्या नदीचे खोरे धरून सावकाश वर जाता आले असते. इथे अशी सावकाश चढणारी खोरीच नव्हती. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने शेवटी काठापासून कोकणाकडे पुढे आलेली एक सोंड निवडली आणि तिच्या कुशीने मार्ग वर नेला. तरीही एका जागी वळायला जमीन पुरेना. तिथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून, उलट्या दिशेने चढ सुरू करावा लागे. नवा मार्ग झाल्यावर, १९२९ मध्ये, हा खटाटोप संपला.

काम १८५६ ते १८६३ असे सात वर्षे चालले. १५ मैल ६८ साखळ्या लांबी, १,८३१ फूट चढ, २५ बोगदे. सर्वांत कठीण चढ ३७ फुटांना एक फूट. १८६१ च्या सुमारास ४० हजारांहून अधिक मजूर या घाटात राबत होते. सुरुंगाचे भोक पाडताना माणसे दोरांनी कड्यावर लोंबकळत असत. सुरुंग, दरडी आणि पटकी यांनी हजारो मजूर मेले. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगाही केला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी भारतात आल्यानंतर काही आठवड्यांतच वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट चालवून ते पूर्ण करवून घेतले. ट्रेडवेल पतिपत्नींची नावे इतिहासात राहिली. दोरावर लोंबकळणाऱ्या माणसांची नावे राहिली नाहीत. खंडाळ्याचे बोगदे मोजताना मुलांना हेही सांगायला हवे.

काठ सरकतो

उरलेले अर्धे उत्तर असे: पठाराचा हा काठ तिथेच का? कोकण खाली का?

यावर शंभरावर वर्षे वाद चालला. एकोणिसाव्या शतकातल्या काही भूवैज्ञानिकांना वाटले की, समुद्राच्या लाटांनी खणून काढलेला हा जुना किनारा असावा. दुसरे मत असे की, जमिनीला प्रस्तरभंग होऊन पश्चिमेकडचा भाग खाली खचला. पण कड्याच्या पायथ्याशी सलग लांब प्रस्तरभंग काही सापडेना. शिवाय दक्षिणेकडे लाव्हाचे थर संपतात, गोवा-कर्नाटकात कितीतरी जुने खडक सुरू होतात, आणि कडा मात्र तसाच पुढे चालू राहतो. शरावतीचा २५३ मीटर उंचीचा गिरसप्पा धबधबा याच काठाच्या प्रदेशात, पण जुन्या खडकांवरून कोसळतो. म्हणजे कड्याचे कारण लाव्हात नाही, किनाऱ्यात शोधायला हवे.

पुणे विद्यापीठाचे के. बी. पोवार आणि क्लिफ ऑलियर यांनी १९८५ मध्ये या दृष्टीने पश्चिम घाटाची मांडणी केली. त्यांच्या आणि त्यानंतरच्या अभ्यासांतून साधारण असे चित्र उभे राहते. भारताचा भूखंड आधी मादागास्करपासून आणि लाव्हा वाहिल्यानंतर, सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्सपासून तुटला. तुटलेल्या बाजूला नवा समुद्र, नवा किनारा तयार झाला. पनवेलजवळ लाव्हाचे थर पश्चिमेकडे वाकलेले दिसतात ते या उलथापालथीचीच साक्ष देतात. नव्या किनाऱ्याकडे धावणाऱ्या आखूड, वेगवान ओढ्यांनी पठाराची कड खायला सुरुवात केली. कड मागे, म्हणजे पूर्वेकडे, सरकत गेली. तिने मागे सोडलेली भूमी म्हणजे आपले कोकण.

याचे पुरावे मुलांना डोळ्यांनी दाखवता येतात. माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड, मलंगगड हे डोंगर मुख्य कड्यापासून तुटून कोकणात एकटे उभे आहेत. तेही त्याच लाव्हाच्या आडव्या थरांचे बनलेले आहेत. वाळूच्या किल्ल्यावर पाणी ओतल्यावर काही बुरूज मागे उरतात, तसे हे मागे उरलेले पठाराचे तुकडे.

दुसरा पुरावा कुरवंड्याचा. आता कारतलबखानाच्या प्रश्नाकडे परत येऊ. काठाजवळ इंद्रायणी एवढासा ओहोळ आहे, पण तिचे खोरे रुंद आहे. एवढ्याशा ओहोळाने एवढे खोरे खणले कसे? उत्तर असे की, एके काळी हे खोरे आणखी पश्चिमेला सुरू होत होते. मागे सरकणाऱ्या काठाने त्याचा वरचा भाग गिळला. उरले ते शिर नसलेले खोरे, थेट कड्यावर उघडणारे. खानाची फौज या अर्धवट खाल्लेल्या खोऱ्यातून आली आणि खाणाऱ्या घळीत सापडली.

मग कळसूबाईचे काय? ती तर १,६४६ मीटर उंच आहे. हरिश्चंद्रगड, महाबळेश्वर हेही आसपासच्या पठाराहून कितीतरी उंच आहेत. हा प्रश्न मुले विचारतातच. पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांनीही पठार झिजवले आहे. दोन नद्यांच्या मध्ये जो भाग झिजायचा राहिला तो डोंगर म्हणून उभा दिसतो. आणखी दक्षिणेला, निलगिरी आणि अनाईमलई येथे रचना वेगळी आहे. अनाईमुडी हे २,६९५ मीटरांचे शिखर तिथेच आहे. म्हणून 'सह्याद्री म्हणजे पठाराचा कडा' हे वाक्य आपण महाराष्ट्रापुरते ठामपणे सांगावे, आणि पुढे मुलांना दक्षिणेचा नकाशा उघडायला लावावा.

व्याख्येचा प्रश्न नाही

पर्वत म्हणा की कडा, काय फरक पडतो? असे एका सहकाऱ्यांनी आम्हाला विचारले. आम्हाला वाटते, फरक पडतो.

कड्याला आदळून ढग वर चढतात आणि काठावरच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. काठापासून दूर, पूर्वेला असलेल्या वाईला एक हजार मिलिमीटरसुद्धा पडत नाही. काठावर पडलेले पाणी पूर्वेच्या कोरड्या मुलखाकडे वाहते, त्यावर तिथली शेती चालते. पण हेच पाणी अडवून पश्चिमेला कड्यावरून सोडले, तर एका झेपेत सुमारे पाचशे मीटर खाली पडते आणि वीज देते. टाटा कंपनीचे खोपोलीचे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, पुढे भिवपुरी आणि भिरा आले. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण झाले, तेव्हा बुडणाऱ्या गावांच्या मावळ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. स्वातंत्र्यानंतर कोयनेचे पाणीही असेच कड्याखाली उतरवून वाशिष्ठीला सोडण्यात आले. पूर्वेच्या शेताला पाणी की पश्चिमेच्या शहरांना वीज, हा वाद आजही संपलेला नाही. काठ समजल्याशिवाय हा वाद समजत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. सहा कोटी वर्षांत काठ सुमारे ५० किलोमीटर मागे आला असे धरले, तर सरासरी वर्षाला एक मिलिमीटरही पडत नाही. गणित सोपे आहे, पण सरासरी फसवी असते. कडा रोज थोडा थोडा सरकत नाही. वर्षानुवर्षे तो तसाच असतो आणि एखाद्या पावसाळी रात्री त्याचा एक तुकडा खाली येतो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातले तळिये असेच दरडीखाली गेले, ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह मिळाले, अनेक जण सापडलेच नाहीत. ही वाडी इर्शाळगडाच्या उतारावर होती, म्हणजे वर सांगितलेल्या त्या मागे उरलेल्या 'बुरुजां'पैकी एकाच्या अंगावर.

ही झीज निसर्गाची आहे, ती कोणी थांबवू शकत नाही. पण ती कुठे चालू आहे हे माहीत असले तर घर कुठे बांधावे, रस्त्यासाठी उतार किती तोडावा, मुसळधार पावसात कोणत्या वाडीने रात्री जागे राहावे, हे ठरवता येते. सुरवंटाच्या चित्रातून पर्वत म्हणजे अचल, न बदलणारी वस्तू असे मुले शिकतात. कड्याच्या पायथ्याशी शाळा असेल तर तिथे हे शिकवणे धोक्याचे आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर मुंबईपासूनचे रेल्वे अंतर घ्यावे, उभ्या अक्षावर उंची. कल्याण, कर्जत, खंडाळा, लोणावळा, पुणे, दौंड, सोलापूर या स्थानकांचे आकडे मुलांनी फलकांवरून किंवा प्रवास करणाऱ्या नातेवाइकांकडून मिळवावेत. बिंदू जोडले की पुस्तकात न सापडणारे चित्र तयार होते: एक सपाट रेघ, एक उभी उडी, आणि मग सोलापूरपर्यंत लांबच लांब, हलका उतार. उभे प्रमाण मोठे घेतल्याने उडी आहे त्याहून उभी दिसते, हेही मुलांना सांगावे.

आम्ही हा आलेख पुढच्या वर्षी वर्गात काढला. तो पाहून एक मुलगा म्हणाला, "म्हणजे उतार आहे, पण तो संपायला बंगालचा उपसागर लागतो." ज्या मुलीने गाडीत प्रश्न विचारला होता ती तोवर नववीत गेली होती. तिला बोलावून आम्ही तो कागद दाखवला. तिने सोलापूरच्या बिंदूपाशी बोट ठेवले आणि विचारले, "यापुढचे आकडे कुठे मिळतील?"